वाईनचा पीएच काडीतच ठरतो

मंडळी, विषय दिलाय ‘वसंतातली वायनरी आणि द्राक्ष रोपवाटिका’. फ्रान्समध्ये मार्च-एप्रिल म्हणजे वेल जागा होण्याचा काळ. आपल्या नाशिकला त्याच वेळी शेवटचे क्रेट वायनरीच्या दारात उतरतात, रोपवाटिकेतून खुंटाची, म्हणजे ज्याच्या मुळांवर पुढे हवी ती जात कलम करतात त्या वेलाची, रोपं शेतात जातात, आणि पाडवा झाला की खरड छाटणीच्या, म्हणजे हंगामानंतर वेल मागे कापण्याच्या, कात्र्यांना धार लागते. तिन्ही कामं एकमेकांच्या अंगावर येतात, म्हणून तिन्हींचं नातं आपल्या लक्षात येत नाही. टाक्यांबद्दल सविस्तर बोलायचं आहेच, पण सुरुवात रोपवाटिकेपासून करतो.

मार्चमध्ये शिराझ या रेड वाईनच्या द्राक्षाचा रस मोजला आणि पीएच ३.८ निघाला, म्हणजे आंबटपणा कमी पडला, की सगळे उन्हाकडे बोट दाखवतात. उन्हाचा वाटा आहेच. तापमान चढलं की मण्यातलं मॅलिक आम्ल श्वसनात खर्ची पडतं. पण दुसरा वाटा खुंटाचा असतो, आणि त्याचं नाव कुणी काढत नाही.

आपल्या बागांत बहुतेक ठिकाणी डॉगरीज हा खुंट आहे. नाव ऐकून कुत्रा डोळ्यांसमोर येतो, हो ना? टेक्ससच्या बेल काउंटीत डॉग रिज नावाचा उंचवटा आहे, तिथल्या जंगली वेलाचं हे नाव. युरोपला अमेरिकन खुंट लागले ते फिलॉक्सेरामुळे. मुळांतला रस शोषणाऱ्या त्या किडीने १८६० च्या दशकापासून फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. आपली गरज वेगळी होती : खारं पाणी, चुनखडीची जमीन, पाण्याची टंचाई. त्यात डॉगरीज उतरला, आणि खाण्याच्या द्राक्षाला त्याचा दांडगा जोर मानवला. वाईनच्या बागेत मात्र हाच जोर आड येतो, कारण हा खुंट जमिनीतून पोटॅश, म्हणजे पोटॅशियम, भरपूर उचलतो. पोटॅशियम रसात उतरलं की आम्लातल्या हायड्रोजनची जागा घेतं आणि पीएच चढतो. रस थंड केल्यावर टाकीच्या भिंतीला जे खडे बसतात ते याच पोटॅशियमचे, टार्टारिक आम्लाला सोबत घेऊन बसलेले. ११० आर किंवा ११०३ पी हे दुसरे खुंट घेतले तर पोटॅश बेताने येतं, वेलीचा जोरही आवरता राहतो.

मग सगळ्यांनी ११० आर लावावा, असं म्हणून मोकळं होता येईल का? नाही, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. पान काढलेली काडी समोर ठेवली तर हा डॉगरीज आणि हा ११० आर, हे खात्रीने सांगणं जवळजवळ अशक्य. ओळख पटते ती पानांवर. डॉगरीजच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरट लव असते; ११० आरचं पान तुकतुकीत, बिनलवीचं, मूत्रपिंडाच्या आकाराचं. म्हणून खूण काडी कापताना बांधून उपयोग नाही. मातृवेलीला, म्हणजे जिच्या काड्या कापायच्या त्या वेलीला, पानं असतानाच बांधायची, प्रत्येक वेलीला, आणि गठ्ठ्यावर, पिशवीच्या ओळीवर तीच खूण पुढे न्यायची. एका ओळीत दहा रोपं चुकली तर ती चूक पंधरा वर्षं शेतात उभी राहते. रोप घेताना भाव करण्याआधी मातृवेली पाहायला मागा. हा आग्रह धरणारा शेतकरी रोपवाटिकेला नको वाटला, तर ती रोपवाटिका सोडा.

आता काडी. पेन्सिलीइतकी जाड, तीन-चार डोळ्यांची, पक्व. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा, वरचा डोळ्यापासून दोन सेंटीमीटर वर तिरका. त्यामुळे उलटी खोचली जात नाही आणि कापावर पाणी साचत नाही. डॉगरीज आणि ११० आर दोघेही मुळ्या फोडायला आळशी. त्यासाठी आयबीए हे मुळ्या फोडणारं संजीवक, २,००० पीपीएम : २ ग्रॅम आधी ५०० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाणी घालून १ लिटर करा. थेट पाण्यात टाकलं तर ते विरघळत नाही, आणि काड्या मुळ्यांशिवाय राहतात. बुडखा पाच-दहा सेकंदच बुडवायचा.

फसगत पुढे होते. डोळा फुटतो, दोन पानं येतात, माणूस खूश होतो. ती पानं काडीतल्या साठ्यावर जगत असतात, खाली मूळ नसतं. तेव्हाच पाणी वाढवलं की बुडखा कुजतो. एक पिशवी फाडून पाहा. पांढऱ्या मुळ्या चहूबाजूंनी दिसल्या तरच फेब्रुवारी-मार्चमध्ये रोप शेतात न्यायचं. मुळ्या तळाशी वळसे घेत असतील तर लावताना तेवढा गुंता कापून टाका. कलम पावसाळ्याच्या शेवटी, पाचर पद्धतीने, जमिनीपासून फूट-दीड फूट वर. कलमाचा सांधा मातीत गेला तर वरची जात स्वतःच्या मुळ्या सोडते आणि खुंटाचा सगळा खर्च वाया जातो.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा टाक्यांचं भराभर सांगतो.

पीएच चढला की वाईन टिकवायला घातलेल्या सल्फाईटचं काम मंदावतं. जंतूंना रोखणारा त्याचा रेणवीय भाग लिटरला ०.८ मिलिग्रॅम हवा असेल तर पीएच ३.२ ला मुक्त सल्फर डायऑक्साईड सुमारे २० मिलिग्रॅम पुरतं, ३.५ ला ४० लागतं, ३.८ ला जवळजवळ ८०. रेड वाईनचा रंगही मळकट होतो. टार्टारिक आम्ल घालायचं तर यीस्टच्या आधी घाला. लिटरला १ ग्रॅमने पीएच साधारण ०.१ उतरतो, पण पोटॅश जास्त असलेल्या रसात त्यातला बराच भाग खडे होऊन तळाला जातो. यीस्ट १०० लिटरला २० ते २५ ग्रॅम, दसपट कोमट पाण्यात वीस मिनिटं. भिजवलेल्या यीस्टमध्ये आणि रसात १० अंशांहून जास्त फरक असताना ओतलं तर ते दचकतं आणि आंबवण मध्येच अडकतं. व्हाईट १२ ते १६ अंशांवर चालवा, रेड २४ ते २८ वर.

बाग आधीच डॉगरीजवर असेल तर ती उपटू नका. एसओपीचा, म्हणजे पोटॅशच्या खताचा, हात आवरा. खाण्याच्या द्राक्षाच्या सवयीने वाईनच्या बागेत साखरेसाठी पोटॅश सोडलं जातं, ते आधी थांबवा. खरड छाटणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवशी पाचव्या पानाचे देठ तपासायला द्या आणि त्या अहवालावरच पोटॅशचा डोस ठरवा. छाटणी ५ एप्रिलला झाली असेल तर तो दिवस २० मे.