सालांसकट मुरलेली काखेतीची वाइन

जॉर्जियाच्या पूर्वेकडचा हा काखेती प्रांत. समोर जमिनीत जी गोल तोंडं दिसताहेत, ती क्वेव्रीची. क्वेव्री म्हणजे गळ्यापर्यंत पुरलेला, अंड्याच्या आकाराचा मातीचा रांजण. आतून मधमाश्यांचं मेण लावलेलं. भोवतालची माती आतलं तापमान फारसं हलू देत नाही.

पांढरी वाइन करताना एरवी द्राक्षं चिरडली की रस काढून घेतात आणि सालं बाजूला टाकतात. इथे र्कात्सितेली जातीच्या पांढऱ्या द्राक्षांचा रस, सालं, बिया, कधी देठसुद्धा, सगळं रांजणात जातं. रस फसफसू लागला की सालं वर तरंगतात. त्यांचा थर दिवसातून अनेकदा दांड्यानं खाली दाबावा लागतो, नाहीतर तो वाळतो आणि वाइन व्हिनेगरकडे झुकते. फसफस थांबली की तोंड बंद. मग पाच-सहा महिने काही करायचं नाही.

वसंतात झाकण निघतं, तेव्हा वाइन गडद सोनेरी झालेली असते. जॉर्जियातच, तिबिलिसीच्या दक्षिणेला मिळालेल्या सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या खापरांवर द्राक्षाच्या वाइनचे अंश सापडले आहेत. क्वेव्रीच्या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून मान्यता दिली.

रंग देखणा आहेच, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते टॅनिन. सालं आणि बिया ते सोडतात. कोऱ्या कडक चहासारखा तुरटपणा जिभेवर येतो. नुसती प्यायली तर ही वाइन काहींना कठोर वाटेल. तिला जेवण हवं. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून चीज किंवा मांसाच्या घासाबरोबर तुरटपणा मवाळ होतो.

ताटात पाहा. अक्रोडाच्या दाट रश्श्यातली कोंबडी, म्हणजे सात्सिवी. अक्रोडाचा तेलकटपणा आणि सालीचा कडवटपणा यांच्यापुढे हलकी पांढरी वाइन पाणचट लागते. ही टिकते, उलट रश्श्यातला लसूण आणि मसाला उघडून दाखवते. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, खाचापुरी म्हणजे चीज भरलेला गरम पाव, निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस, सगळ्यांशी तिचं जमतं. फक्त बर्फगार करू नका. १२ ते १४ अंश पुरे; त्याहून थंड झाली तर वास मिटतो आणि तुरटपणा टोचतो.

नाजूक माशाची चव मात्र ती दाबून टाकते. मासे असतील तर पश्चिमेच्या इमेरेतीची वाइन घ्यावी. तिथे रसात थोडीच सालं घालतात, वाइन हलकी उतरते, आणि तिच्यासोबत ट्राउट निवांत खाता येतो.