कपापेक्षा कार्ड जपा

मुंबईतल्या बऱ्याच घरांत शोकेसच्या वरच्या फळीवर एक काळवंडलेला कप असतो. वडिलांचा, नाहीतर आजोबांचा. गणपती आले की तो चिंच लावून घासतात आणि दरवर्षी त्याच्यावरची अक्षरं आणखी पुसट होतात. चांदी नुसती वरवरची. मुलामा गेला की आतलं पितळ डोकावतं. आमच्याकडेही असा कप आहे, बाबांनी नेमबाजीत मिळवलेला. पण मला बोलायचंय ते त्या कपाच्या पोटात घडी घालून कोंबलेल्या कागदाबद्दल.

१९६२च्या युद्धानंतर कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. चाळीत वाढलेली, दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही न हाताळलेली पोरं पॉइंट टू-टू रायफल घेऊन पोटावर झोपली. त्या सक्तीने कुणाला किती शिस्त लागली हा वादाचा विषय, पण आपला हात स्थिर आहे हे आमच्या बाबांना गिरगावात बसून कधीच कळलं नसतं. कॉलेजांच्या स्पर्धेत कप मिळाला, पुढे नोकरी लागली, रायफल पुन्हा हातात आली नाही.

तर तो कागद म्हणजे टार्गेटचं कार्ड, ज्यावर नेम धरून गोळ्या मारतात ते. पंचवीस यार्डांवरून मारलेल्या पाच गोळ्या. एनसीसीत आधी बघतात तो ग्रुप, म्हणजे पाच भोकं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते. मधोमध लागलं का, हे नंतर. साइट, म्हणजे रायफलवरची नेम धरायची खूण, सरकवता येते हो, हात कसा सरकवणार? बाबांची चार भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. पाचवं मात्र सरळ वर गेलंय. भोकं अशी उभी पसरली की नेमबाज श्वासावर संशय घेतात. झोपून नेम धरताना छाती फुगली की नळीचं तोंड खाली जातं, श्वास सोडला की वर येतं. म्हणजे पाचव्या गोळीला बाबांचा सुस्कारा जरा आधीच सुटला असणार. मी त्यांना तसं विचारलं, तर हा सत्तरी उलटलेला गृहस्थ दाखवायला म्हणून हॉलच्या लादीवर पालथा झाला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “उठवायला मी येणार नाही हं!”

सांगा, कपाकडे बघून हे कळलं असतं? कप दुसऱ्यांनी दिलेला. कार्डावर त्यांनी स्वतः काय केलं ते आहे.

मराठी माणसाचं या खेळाशी नातं जुनं. १९५१मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर, म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. नेमबाजांची मावळणकर स्पर्धा त्यांच्याच नावाची. आपल्या मुंबईच्या अंजली भागवतही एनसीसीतूनच नेमबाजीत आल्या, वरळीच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागेवर, घडल्या आणि २०००मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. आता मोठ्या स्पर्धांत टार्गेट इलेक्ट्रॉनिक असतं, गुण थेट पडद्यावर उमटतात. तेव्हा आजच्या मुलांच्या घरी पदकं राहतील, असं कार्ड बहुधा राहणार नाही.

म्हणून असेल त्यांनी सांभाळा. लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा सुटत नाही. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. पावसाळ्यात बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात तर ठेवूच नका, कसर वाटच बघत असते. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, घडी उलगडून, आडवं ठेवा. भोकांच्या कडेला करडी रेघ दिसेल ती मळ समजून पुसू नका. गोळी जाताना शिसं आणि वंगण तिथे लागलेलं असतं. आणि वडील आहेत तोवर त्यांना विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घ्या: कुठली रेंज, किती अंतर, कुठली रायफल, झोपून की उभं राहून.

हां, एक राहिलं. काही घरांत कार्डाबरोबर पितळेचं रिकामं काडतूसही निघतं. एनसीसीत रिकामी काडतुसं मोजून परत घेतात. तेव्हा “हे माझ्या त्या मॅचमधलं” असं कुणी काका अभिमानाने सांगायला लागले, तर ते खिशात कसं आलं, हेही जरूर विचारा.