मित्राची आठवण पुसली तेव्हा
(दादरमध्ये वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो,

मार्च २००५ मध्ये डीसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशकानं ८० पानांचा एक अंक अवघ्या १ डॉलरला बाजारात आणला. ‘काउंटडाउन टू इन्फिनिट क्रायसिस’ हे त्याचं नाव. त्या अंकाचा नायक सुपरमॅन नाही, बॅटमॅनही नाही. नायक आहे टेड कॉर्ड, म्हणजे ब्लू बीटल. त्याच्या अंगात कसलीही अचाट शक्ती नाही. डोकं तल्लख, स्वतःची कंपनी आहे, पण बाकीचे वीर त्याला फारसं मोजत नाहीत. आपल्या कंपनीतून कुणीतरी पैसा काढून घेतंय असा त्याला संशय येतो. मदत मागत तो एकेका मोठ्या माणसाच्या दारात जातो, आणि जो तो आपापल्या व्यापात असतो. बूस्टर गोल्ड हा जुना दोस्त तेवढा साथ देतो, आणि तोही स्फोटात जखमी होतो. शेवटी टेड एकटाच गुन्हेगारापर्यंत पोचतो. समोर दिसतो मॅक्सवेल लॉर्ड. जस्टिस लीग म्हणजे डीसीच्या वीरांचा संघ. १९८७ पासूनच्या हसत्याखेळत्या दिवसांत ज्यानं तो संघ उभा केला, तोच मॅक्स. मॅक्स त्याला म्हणतो, माझ्या बाजूला ये. टेड नाही म्हणतो. मॅक्स त्याच्या डोक्यात गोळी घालतो.

आजचा विषय आहे क्रॉसओव्हरच्या आधीच्या कथा, म्हणजे अनेक मासिकांतले नायक एका महायुद्धात एकत्र येण्याआधी दोन-दोन, तीन-तीन वर्षं जे धागे विणले जातात ते. हा विषय मी टेड कॉर्डपासून सुरू केला, कारण महायुद्धाचं खरं कारण या अंकात अगदी साध्या रूपात दिसतं. एक मित्र मदत मागत होता आणि त्याचं कुणी ऐकलं नाही.

इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी इंद्रजाल कॉमिक्स वाचली असतील. १९६४ साली टाइम्स समूहानं ती मुंबईतून सुरू केली. वेताळ, मँड्रेक हे त्यातूनच आपल्या घरात आले. तिथे अंक हाती घ्यायचा, वाचायचा, आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच पुरी व्हायची. अमेरिकन मासिकं मात्र आपल्याला भेटली ती फोर्टच्या आणि माटुंग्याच्या फुटपाथवर, ढिगातून, आधीचा अंक नाही आणि नंतरचाही नाही अशी. कुठल्यातरी युद्धाचा चौथा भाग हाती यायचा. त्यात शंभर पात्रं आकाशात उडतायत, कुणीतरी मरतंय, कुणीतरी रडतंय, आणि का ते कळायचं नाही. त्यामुळे ‘क्रॉसओव्हर म्हणजे नुसती गर्दी’ असं मत आपल्याकडे पक्कं झालं. ते मत किती अपुरं आहे हेच मला आज सांगायचं आहे.

आपल्या मराठी मालिकांत ‘महासंगम’ आठवडा असतो. दोन मालिकांमधली कुटुंबं एखाद्या लग्नात भेटतात, आठवडाभर गोंधळ होतो, आणि मग ज्याचं त्याचं घर पुन्हा जसंच्या तसं. कॉमिक्समधले सुमार क्रॉसओव्हर असेच असतात. चांगल्या क्रॉसओव्हरची जात वेगळी. कुरुक्षेत्रावर शिखंडी पुढे येतो आणि भीष्म धनुष्य खाली ठेवतात, तेव्हा अंबेची कथा ज्याला माहीत नाही त्याला त्या क्षणी काहीच दिसत नाही. बाण दिसतात, कारण दिसत नाही.

तर टेड कॉर्डच्या मृत्यूमागचं कारण शोधायला एक वर्ष मागे जाऊ. २००४ साली ब्रॅड मेल्ट्झर आणि चित्रकार रॅग्स मोरालेस यांची ‘आयडेंटिटी क्रायसिस’ ही सात अंकांची मालिका आली. राल्फ डिब्नी या वीराची बायको सू हिचा खून होतो. तपास करताना जुनं प्रकरण उघडं पडतं. अनेक वर्षांपूर्वी डॉक्टर लाइट या खलनायकानं जस्टिस लीगच्या उपग्रहतळावर सूवर अत्याचार केला होता. पकडल्यावर त्याचं काय करायचं यावर हजर असलेल्या सदस्यांनी मत घेतलं. झटाना या जादूगार सदस्येनं त्याच्या मनातून ती आठवण काढायची, इतकंच नव्हे तर त्याचा स्वभावही बदलायचा, यावर मतं तीन विरुद्ध तीन झाली. निर्णायक मत दिलं बॅरी अ‍ॅलन, म्हणजे फ्लॅशनं. सगळ्यात सरळमार्गी म्हणून ज्याच्याकडे पाहिलं जातं त्यानं ‘हो’ म्हटलं.

काम सुरू असताना बॅटमॅन आत येतो. तो हे थांबवू पाहतो. आणि मग त्याचेच सहकारी त्याला जागच्या जागी थिजवतात, आणि त्याच्या डोक्यातली ती दहा-पंधरा मिनिटंही पुसून टाकतात.

या मालिकेविषयी माझं मत संमिश्र आहे आणि ते सांगणं मला आवश्यक वाटतं. सूचं पात्र अनेक वर्षं आनंदी, हुशार, नवऱ्याइतकंच रहस्यं उलगडणारं होतं. तिच्यावरचा अत्याचार आणि तिचा मृत्यू हे दोन्ही इथे पुरुष पात्रांच्या पेचासाठी वापरले गेले. अनेक वाचकांनी, विशेषतः वाचक स्त्रियांनी, यावर आक्षेप घेतला आणि तो रास्त आहे. तरीही बॅटमॅनच्या आठवणीचं ते एक पान मला या संपूर्ण काळातलं सगळ्यात जड पान वाटतं. खलनायकाचं मन बदललं तर त्याला शिक्षा म्हणता येईल. मित्राचं मन पुसलं त्याला काय म्हणायचं?

पुढे बॅटमॅनला ते आठवतं. ज्यांच्यावर जीव टाकला त्यांनीच डोक्यात हात घातला हे कळल्यावर हा माणूस काय करेल? तो पाळत ठेवतो. ‘ब्रदर आय’ नावाचा उपग्रह तो अवकाशात सोडतो. जगातल्या प्रत्येक शक्तिमान व्यक्तीवर त्याची नजर. आणि मॅक्सवेल लॉर्डच्या हाती तोच उपग्रह लागतो. त्यातूनच ओमॅक तयार होतात. साधी माणसं, पण अंगात सूक्ष्म यंत्रं भिनलेली, आणि वीरांना ठार मारायला सोडलेली. टेड कॉर्ड मेला तो हे रहस्य त्याला कळलं म्हणून. पाहा, साखळी किती छोटी आहे. एक अत्याचार, एक मतदान, एक पुसलेली आठवण, त्यातून जन्मलेला संशय, संशयातून यंत्र, यंत्रातून खून.

२००५ च्या त्या अंकातून चार मालिका फुटल्या, प्रत्येकी सहा अंकांच्या. चारही सारख्या मोलाच्या नाहीत. रान आणि थानागार या ग्रहांच्या युद्धाची कथा मला कोरडी वाटते. ग्रह जागचे हलतात, पात्रांच्या मनात फारसं काही हलत नाही. ‘डे ऑफ व्हेन्जन्स’ ही जादूच्या जगाची कथा. सूचा खून करणारी निघालेली जीन लोरिंग इथे एक्लिप्सो ही दुष्ट शक्ती बनून स्पेक्टर या प्रचंड शक्तीला भडकवते, म्हणजे २००४ चा धागा इथेही येतो. गेल सिमोनची ‘व्हिलन्स युनायटेड’ मात्र आवर्जून वाचा. खलनायकांची मोठी संघटना उभी राहते आणि सहा जण तिला नकार देतात. त्या सहा जणांची भांडणं, त्यांच्यातला जिव्हाळा आणि त्यांचे विश्वासघात हे कुठल्याही महायुद्धाच्या कुबडीशिवाय उभे राहतात.

पण सगळ्यात मोठी गाठ ‘ओमॅक प्रोजेक्ट’ आणि त्याला जोडलेल्या ‘सॅक्रिफाइस’ या कथेत आहे. मॅक्स सुपरमॅनच्या मनाचा ताबा घेतो. सुपरमॅनच्या डोळ्यांसमोर त्याचे शत्रू दिसत राहतात आणि तो प्रत्यक्षात मारत असतो वंडर वुमनला. ती मॅक्सला आपल्या सत्याच्या पाशात पकडते आणि विचारते, सुपरमॅनला कसं सोडवायचं? पाशात खोटं बोलता येत नाही. मॅक्स सांगतो, मला मारल्याशिवाय तो सुटणार नाही. ती त्याची मान मोडते. ‘वंडर वुमन’च्या २१९व्या अंकात हे घडतं. आणि मग ब्रदर आय ते दृश्य साऱ्या जगाला दाखवतो. त्याआधीचं काही नाही, पाश नाही, प्रश्न नाही. फक्त एक स्त्री एका माणसाला मारते आहे एवढंच.

आता या सगळ्याला जोडून एक अजून जुनी गोष्ट. १९६१ मध्ये ‘फ्लॅश’च्या १२३व्या अंकात दोन पृथ्व्यांवरचे दोन फ्लॅश भेटले आणि तिथून डीसीच्या अनेक पृथ्व्यांची सुरुवात झाली. १९८५-८६ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या १२ अंकांत त्या सगळ्या पृथ्व्या नष्ट करून एकच उरवली. सुपरगर्ल गेली, बॅरी अ‍ॅलन गेला. आणि जे जिवंत राहिले ते हळूहळू विसरले की दुसरी जगं होती. शेवटच्या अंकात सायको-पायरेट नावाचा एक वेडा ठरवलेला कैदी तेवढा सगळं आठवत बसलेला असतो.

वाचकाची अवस्था तीच झाली होती. पंचवीस वर्षं ज्यांनी दुसऱ्या पृथ्वीच्या गोष्टी वाचल्या, त्यांना प्रकाशकानं सांगितलं की ते घडलंच नाही. प्रकाशकाची अडचण मला समजते. नव्या वाचकाला इतका इतिहास पेलवत नाही. पण वाचकाच्या मनातली आठवण अशी हुकूम सोडून जात नाही.

म्हणूनच या चारही मालिका जिथे येऊन मिळतात त्या २००५ च्या ‘इन्फिनिट क्रायसिस’ या क्रॉसओव्हरमध्ये लेखक जिऑफ जॉन्सनं जे केलं ते मला फार नेमकं वाटतं. १९८५ च्या संहारातून बचावून एका वेगळ्या कोपऱ्यात गेलेले चौघे बाहेर येतात. जुन्या पृथ्वीचा म्हातारा सुपरमॅन, त्याची आजारी लोइस, अलेक्झांडर लुथर आणि सुपरबॉय-प्राइम. यांना सगळं आठवतं. म्हातारा सुपरमॅन एवढंच मागतो की आपलं जग परत आलं तर लोइस बरी होईल. अलेक्झांडरनंच मागे राहून चारही मालिकांचे धागे हलवलेले असतात. सुपरबॉय-प्राइमचा शेवटी राक्षस होतो आणि तो दुसऱ्या सुपरबॉयला, कॉनरला, मारतो. इथे लेखकाशी माझं पटत नाही. अख्खी पृथ्वी, आईवडील, सगळं गमावलेल्या पोराला ‘जुनंच बरं होतं’ म्हणणाऱ्या रागीट चाहत्याचा मुखवटा घातला गेला. त्याच्या दुःखाला थोडी जागा मिळायला हवी होती.

आणि आता पाहा, मार्व्हल या डीसीच्या प्रतिस्पर्धी प्रकाशनात काय घडलं. २०१३ मध्ये जोनाथन हिकमननं ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स’ सुरू केलं. दोन विश्वं एकमेकांवर आदळू लागतात आणि टकरीची जागा प्रत्येक वेळी पृथ्वी असते. हाती ८ तास. एक पृथ्वी नष्ट झाली तर दोन्ही विश्वं वाचतात, नाहीतर दोन्ही संपतात. आयर्न मॅन, रीड रिचर्ड्स, ब्लॅक पँथर, नेमोर वगैरे मंडळी गुप्तपणे जमतात. दुसऱ्याचं जग मारायचं का, असा प्रश्न येतो तेव्हा कॅप्टन अमेरिका ठाम ‘नाही’ म्हणतो. आणि त्याचे मित्र डॉक्टर स्ट्रेंजकरवी त्याची आठवण पुसतात.

दोन प्रतिस्पर्धी प्रकाशनं, मध्ये नऊ वर्षांचं अंतर, आणि गाठ तीच. गटात एकजण विरोध करतो, गट त्याच्याशी वाद घालत नाही, त्याची आठवण घेतो. २०१४ मध्ये कॅप्टनला सगळं आठवतं आणि तिथून तो आणि टोनी स्टार्क कायमचे तुटतात. २०१५ मध्ये ‘सीक्रेट वॉर्स’ या क्रॉसओव्हरच्या उंबरठ्यावर जग संपत असताना हे दोघं एकमेकांना मारत असतात. त्यांना जग वाचवायचं सुचत नाही. मला हे हिकमनचं सगळ्यात धाडसी पान वाटतं, कारण नंतरचं सगळं, डॉक्टर डूम या खलनायकानं ईश्वर होऊन बांधलेलं बॅटलवर्ल्ड हे नवं जगसुद्धा, या तुटलेल्या मैत्रीपुढे दुय्यम आहे.

एक गोष्ट मुंबईपुरती. २००४ मध्ये पवित्र प्रभाकर हा मुंबईत शिकायला आलेला मुलगा ‘स्पायडर-मॅन : इंडिया’च्या चार अंकांत स्पायडर-मॅन झाला. २०१४-१५ च्या ‘स्पायडर-व्हर्स’ या क्रॉसओव्हरमध्ये तो अनेक स्पायडर-मॅनांच्या गर्दीत आला आणि पुढे ‘वेब वॉरियर्स’ या चमूतही राहिला. आपल्या शहराचं पोर तिथे पाहून आनंद होतोच. पण त्याच्या भीमकाकांच्या मृत्यूचा त्याच्या मनावरचा भार त्या महायुद्धात कुठे लागला नाही. तो पाहुणा राहिला. त्याची स्वतःची न सुटलेली गोष्ट घेऊन तो युद्धात उतरेल असा लेखक त्याला मिळावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

शेवटी एका श्रोत्यानं विचारलं, की वाचायचं कुठून? ‘इन्फिनिट क्रायसिस’चा पहिला अंक आधी उघडू नका. आधी ‘आयडेंटिटी क्रायसिस’ वाचा, मग १ डॉलरचा तो ‘काउंटडाउन’, मग ‘ओमॅक प्रोजेक्ट’ आणि त्याच्या मधोमध ‘सॅक्रिफाइस’. रान-थानागार सोडलंत तरी चालेल. मग पहिला अंक हाती घ्या. चंद्रावरच्या उद्ध्वस्त तळात सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन समोरासमोर उभे आहेत आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नाही. ते असं का बोलतायत, हे मग कुणाला विचारावं लागणार नाही.