नेमारची पेनल्टी सोडा, मॅच ११७ व्या मिनिटालाच गेली होती

काय मंडळी, नमस्कार. आज ब्राझील-क्रोएशिया घेऊन बसलोय. ९ डिसेंबर २०२२, कतार, वर्ल्डकपची क्वार्टर फायनल, ब्राझील टायब्रेकरला, म्हणजे बरोबरीनंतरच्या पाच-पाच पेनल्टीत, हरली ती. व्हय, मॅच जुनी आहे, पण आपल्या कोल्हापुरात कुठल्याबी ब्राझीलवाल्यापुढं विषय काढा, ठरलेलं वाक्य येणार, "नेमारला पहिली पेनल्टी द्यायला पाहिजे होती". चहाच्या गाड्यावर तेच, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बी तेच. मी स्वतः कट्टर ब्राझीलवाला, आणि माझं म्हणणं असं की टायब्रेकर हे नंतरचं दुखणं, मॅच आधीच हातातनं घालवलेली. कशी ते बघूया.

त्या वर्ल्डकपला ब्राझील फॉर्मात होती. कॅमेरूनकडनं एक मॅच हरली होती ग्रुपमध्ये, पण ती सोडा, तेव्हा पुढं जायचं नक्की झालेलं. राउंड ऑफ सिक्स्टीनला कोरियाला ४-१ नं धुतलं, कोच टिटे पण पोरांबरोबर नाचला. इकडं आमच्या गल्लीत पिवळे झेंडे, पलीकडच्या गल्लीत अर्जेंटिनाचे निळे-पांढरे, आणि दोघं जिंकले तर सेमीला समोरासमोर येणार म्हणून पैजा आधीच लागलेल्या. क्रोएशियाचं नाव सुद्धा कुणी घेत नव्हतं. बरं देश केवढा? लोकसंख्या ३८-३९ लाख, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढी लगा! पण हेच लोक २०१८ ला फायनल खेळून गेलेले, आणि दोन्ही नॉकआउटचे टायब्रेकर जिंकून, डेन्मार्क आणि रशिया. मध्ये मॉड्रिच, ब्रोझोविच, कोवाचिच. ह्या तिघांच्या पायातनं बॉल काढून दाखवा म्हणजे झालं.

मॅच आपल्याकडं रात्री साडेआठला सुरू झाली. ९० मिनिटं शून्य-शून्य. ब्राझीलनं चढाया केल्या, नाही असं नाही, पण त्यांचा गोलकीपर लिवाकोविच भिंतीसारखा उभा. आधीच्या मॅचला जपानच्या तीन पेनल्टी त्यानंच अडवलेल्या, म्हणजे टायब्रेकरला गेलं की हा माणूस तिथं उभा राहणार हे दिसतच होतं, तरी आपण आपलं निवांत.

मग एक्स्ट्रा टाइम. पहिला हाफ संपता संपता नेमार. हा गोल परत परत बघा, रॉड्रिगोबरोबर वन-टू, मग पाकेटाबरोबर वन-टू, कीपरला बाजूला काढला आणि अवघड अँगलनं वर जाळीत! फिफाच्या हिशोबात देशासाठी ७७ वा गोल, पेलेची बरोबरी. गल्लीत माळ लावली पोरांनी, शेजारचे काका बनियनवर बाहेर आले, आवाज नुसता.

आता इथनं नीट बघा. १-० पुढं, एक्स्ट्रा टाइमचा अख्खा दुसरा हाफ बाकी. टिटेनं १०६ व्या मिनिटाला पाकेटाला काढून फ्रेडला आत घातलं. बरोबर आहे की, पाय मोकळे असलेला मिडफिल्डर पाहिजेच. पण फ्रेड म्हणजे पळणारा, पुढं जाऊन प्रेस करणारा माणूस. बेंचवर फॅबिन्यो होता, ब्रुनो गिमारेस होता, बॉल धरून खेळणारे. मला विचाराल तर फॅबिन्यो पाहिजे होता, बॅकच्या पुढं जाऊन नुसता उभा राहिला असता तरी चाललं असतं.

११७ वं मिनिट. (इथं स्क्रीनवर मैदानाचं चित्र दाखवा.) ब्राझीलची पोरं कुठं आहेत बघा, निम्मी टीम क्रोएशियाच्या हाफात! तीन-चार मिनिटं राहिल्यात, एक गोलनं पुढं आहात आणि वर कशाला जाताय? बॉल सुटला, क्रोएशियानं मधनं काढला, डावीकडं ओरसिच मोकळा, त्यानं आत सरकवला, पेटकोविचनं डाव्या पायानं मारला आणि मार्किन्योसला लागून आत. क्रोएशियाचा गोलवर गेलेला अख्ख्या मॅचमधला हा पहिला शॉट, ११७ मिनिटात एक, आणि तोच गोल.

आता मला सांगा, शाहू स्टेडियमवर आपल्या तालमींच्या फुटबॉल टीमची फायनल असती, आपली टीम एकनं पुढं आणि पाच मिनिटं राहिलेली, तर काय झालं असतं? गॅलरीतनं एकच ओरडा, "बाहेर काढ, बाहेर काढ!" कीपरला बुटाची नाडी आठवली असती, एखाद्या बॅकला पेटके आले असते, थ्रो घ्यायला तीन जणं चालत गेली असती. पेठेतलं दहावीतलं पोरगं बी सांगतंय की आता वेळ काढायचा. पाच वेळा वर्ल्डकप घेतलेल्या टीमला हे सांगायला कोण नव्हतं का? ह्याचाच राग आहे माझा, टायब्रेकरचा नाही.

टायब्रेकरचं बी बोलू, नाहीतर म्हणाल टाळलं. रॉड्रिगो, २१ वर्षाचं पोरगं, पहिलाच फटका, लिवाकोविचनं अडवला. कासेमिरो आणि पेद्रोनं घातले. क्रोएशियाचे चारच्या चार आत. मग मार्किन्योस, पोस्टला लागला, खेळ खलास, ४-२. बिचाऱ्याच्याच अंगाला लागून तो गोल झालेला आणि शेवटची पेनल्टी पण त्याचीच. नेमारचा नंबर पाचवा होता, तो आलाच नाही. टिटेचं म्हणणं पाचव्याला प्रेशर जास्त असतं. असतं की, पण पाचवा येईल ह्याची गॅरंटी कुणी दिली? त्याच रात्री अर्जेंटिनाची मॅच, नेदरलँड्सनं शेवटच्या क्षणाला २-२ केलेलं, तिथं टायब्रेकरला मेस्सी पहिलाच पुढं आला आणि घातला. पहाटे तीन वाजून गेल्यावर पलीकडच्या गल्लीनं मुद्दाम आमच्या दारात येऊन माळ लावली, ते जाऊ दे.

म्हणजे नेमारचा मुद्दा खोटा नाही, पण चार मिनिटं बॉल कॉर्नरला धरला असता तर पेनल्टीच आली नसती हो.

आणि हे एकदाचं नाही. २००६ फ्रान्स, २०१० नेदरलँड्स, २०१४ जर्मनी, २०१८ बेल्जियम, २०२२ क्रोएशिया. पाचही वेळा नॉकआउटला युरोपच्या टीमनं घरी पाठवलं. त्याआधी युरोपवाल्याला नॉकआउटला हरवलं ते २००२ च्या फायनलला, जर्मनीला २-०, रोनाल्डोचे दोन. त्यानंतर पोरं तीच नाचरी, पण मागं राखायला माणसं कमी.

टिटे त्या रात्रीच गेला, तसं आधीच सांगितलेलं त्यानं.

असो. पुढच्या व्हिडिओला १९८२ ची इटलीची मॅच घेतो, पाओलो रॉसीचे तीन गोल, लई जण मागत होते. २०१४ च्या जर्मनीकडनं हरलेल्या ७-१ वर कर म्हणून पण बरेच जण मागं लागलेत, ते मात्र नाही जमणार भावांनो, ती मॅच मी परत लावणार नाही.