करार करणाऱ्याला काम यायला हवं

(इंदूर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, खाजगीकरणाचा विषय निघाला की बसल्या जागी दोन तट पडतात. 'सरकारी म्हणजे ढिसाळ' म्हणणारे एकीकडे, 'खाजगी म्हणजे लूट' म्हणणारे दुसरीकडे. आपल्या इंदूरने दोन्ही अनुभव घेतले आहेत, म्हणून दाखले शक्यतो घरचेच देतो.

सरवटे बसस्टँड घ्या. संविधान सभेचे सदस्य राहिलेल्या तात्या सरवट्यांचं नाव त्याला आहे, आपल्या मराठी समाजाला त्याचा अभिमानही आहे. पण तिथून राज्याची रोडवेज आता सुटत नाही. मध्य प्रदेश सरकारने 2005 साली राज्य परिवहन बंद करायचं ठरवलं. महामंडळ तोट्यात होतं, कर्जात गळ्यापर्यंत बुडालेलं होतं, हे खरंच आहे. परमिटं खाजगी मालकांकडे गेली. भोपाळला जायला आज गाड्यांची कमतरता नाही, वातानुकूलित सुद्धा मिळतात. आडगावच्या माणसाचं काय? सवारी भरल्याशिवाय गाडी हलत नाही आणि संध्याकाळनंतर परतीची मिळेल याची खात्री नाही. मालकाला दोष देऊन उपयोग नाही. रिकामी गाडी पळवायला त्याला कोणी पैसे देत नाही.

महाराष्ट्राची एसटी मात्र अजून इंदूरला येते. तीही तोट्याशी झगडतेच आहे. तरी सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट ओलांडून महाराष्ट्राची हद्द लागली की पुढच्या टप्प्याचं बाईमाणसाचं तिकीट निम्मं होतं. 2023 पासूनची ही सवलत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिथे तिकीटच नाही. त्या सवलतीचे पैसे महाराष्ट्र सरकार एसटीला देतं. ते योग्य की उधळपट्टी, यावर जरूर वाद घाला. पण असा निर्णय घ्यायला हातात गाडी असावी लागते. आपल्या राज्याने गाडीबरोबर डेपो, वर्कशॉप, वेळापत्रक बसवणारी माणसं, सगळंच घालवलं.

आता कचऱ्याकडे येऊ. 2017 पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात आपला नंबर पहिला लागत आला. त्याआधीची कचऱ्याची व्यवस्था खाजगी ठेकेदाराकडे होती आणि पेट्या ओसंडून वाहत होत्या. निगमने, म्हणजे आपल्या महापालिकेने, दारोदार कचरा उचलायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. आधी मोजक्या वॉर्डांत करून पाहिलं, मग सगळ्या 85 वॉर्डांत नेलं. गाडी निगमची, माणूस निगमचा, उशीर झाला तर जाब झोनच्या अधिकाऱ्याला. देवगुराडियाला वर्षानुवर्षं साचलेला कचऱ्याचा डोंगर तर अधिक बोलका आहे. लाखो टन माल, ठेक्याने उपसायचा तर खर्चाचा अंदाज साठ कोटींच्या वर जात होता. निगमने यंत्रं भाड्याने घेतली, आपल्या देखरेखीखाली काम करवलं आणि ते दहा कोटींच्या आत उरकलं. ज्या सरकारी यंत्रणेला आपण निकम्मी म्हणतो, तिनेच हे केलं. मला याचा मनापासून आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही.

त्याच देवगुराडियाला 2022 मध्ये ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना सुरू झाला. रोजची क्षमता 550 टन. भांडवल खाजगी कंपनीचं, कचरा आपला, आणि कंपनी उलट निगमला दरवर्षी पैसे देते. हा सौदा जमला कसा? ओला-सुका वेगळा करणं निगम तोवर शिकलं होतं. आपल्याकडचा माल काय प्रतीचा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक होतं. ज्याला काम येतं, त्याला ठेकेदार फसवू शकत नाही. माझा सगळा मुद्दा इथे आहे.

याची उलटी बाजू खंडव्यात दिसली. नर्मदेचं पाणी सुमारे 50 किलोमीटरवरून आणायचं, त्यासाठी 2009 मध्ये खाजगी कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार झाला. पैसा बराचसा केंद्र आणि राज्याच्या योजनेतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. आणि करारात कलम काय? या योजनेशी स्पर्धा करील अशी दुसरी समांतर सोय उभी राहू द्यायची नाही! पाण्यासारख्या वस्तूत हे असं लिहून देणाऱ्या तिथल्या निगमला आपण काय गमावतो आहोत याचं भान नव्हतं, असंच म्हणावं लागेल. खंडव्याच्या लोकांनी हजारो हरकती नोंदवल्या. पण त्या हरकती करारावर सह्या झाल्यानंतरच्या. हरकतीची वेळ निविदेचा मसुदा निघतो तेव्हा असते, आणि तेव्हा तो मसुदा कोणाच्या हाती लागत नाही.

विमानतळाचं नाव 2019 पासून खाजगीकरणाच्या यादीत आहेच. त्यावर आज बोलत नाही, कारण रोज लागणारी गोष्ट बस आहे. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या बससेवेला मंजुरी दिली. देखरेख सरकारी कंपनीची, गाड्या खाजगी मालकांच्या. कल्पना मला पटते, आपल्या शहर बसचा पाया असाच घातला होता. पण गाव-खेड्याची, न परवडणारी फेरी कोण चालवणार आणि तिचा तोटा कोण भरणार, हे करारात आकड्यांसह यायला हवं. मालकाने गाडी बंद ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती फेरी स्वतः काढता येईल एवढे डेपो आणि ड्रायव्हर त्या कंपनीकडे हवेत. तुमच्यातल्या वकिलांना, निवृत्त अभियंत्यांना आणि ज्यांनी रोडवेजमध्ये उमेदीची वर्षं घालवली त्यांना माझी विनंती आहे: करारांचे मसुदे सह्या होण्याआधी मागा, मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. अर्ज लिहायला मी तुमच्याबरोबर बसेन.