पिलानं आपल्याला ओळखू नये म्हणून

(पहाट. नान्नजचा माळ. वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं गवत. लांबवर काळविटांचा कळप.)

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं, की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. बाहेरच्या माणसाला हे गाव द्राक्षांमुळे माहीत असतं. सोनाकासारखी जात इथल्याच नानासाहेब काळे यांच्या बागेतून महाराष्ट्रभर गेली. बागा मागे पडल्या की माळ सुरू होतो. मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, मध्येच एखादी बाभळ. याच माळासाठी १९७९ साली माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झालं.

आठ दिवस झाले, आम्ही पहाटे चारला इथे येऊन बसतोय. रेकॉर्डर सुरू असतो. चंडोल मिळाला, तित्तिर मिळाला, एका रात्री लांडगाही मिळाला. ज्याच्यासाठी आलोय, त्याचा आवाज अजून मिळालेला नाही.

(जुनं छायाचित्र: गवतात मान उंच करून उभा नर माळढोक.)

माळढोक. उभा राहिला तर जवळजवळ मीटरभर उंच. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, म्हणजे तीन-चार वर्षांच्या पोराएवढं, आणि एवढं वजन घेऊन तो उडतो. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून खाली सोडतो, शेपटीचा पंखा उभारतो आणि घुमतो. ती घुमणी अर्धा किलोमीटर ऐकू जाते. त्या आवाजावरूनच काही भागांत त्याचं नाव पडलं हूम. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते बैलाच्या खुराखाली गेलं, कुत्र्यानं खाल्लं, की तो विणीचा हंगाम बहुतेक वाया.

आज भारतभर मोकळ्या माळावर उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास आहेत. बहुतेक सगळे राजस्थानात. नान्नजला गेल्या काही वर्षांत दिसला तर एखादाच.

आमचं गाव मार्डीच्या पलीकडे. माझ्या आजोबांनी शेळ्या राखताना माळढोक पाहिलेत, बाबांनी लहानपणी पाहिलेत. मी पाहिला नाही. मी पहिल्यांदा त्याच्या कुळातला पक्षी पाहिला तो साता समुद्रापलीकडे, इंग्लंडमध्ये. ही गोष्ट तिथली आहे, आणि इथलीही.

(सोलापूर. भैय्या चौक. डॉ. कोटणीस स्मारक.)

२०१८ साली मी इंग्लंडला शिकत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे तिथल्या पक्ष्यांच्या एका प्रकल्पावर स्वयंसेवक म्हणून राहायचं ठरवलं. पगार नाही, जेवणाखाण्याचा खर्च माझा मला. फोनवर आई म्हणाली, "पाखरांना चारायला एवढं लांब राहायचं? इथं काय पाखरं नाहीत?" मागून बाबांचा आवाज आला, "अगं, आपले कोटणीस गेलेच होते की चीनला."

सोलापुरात हे वाक्य पुरतं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलं, त्यात आपल्या गावचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ला तिथेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. माझ्या सहा आठवड्यांची त्यांच्या कामाशी तुलना मी करणार नाही. पण परक्या मुलखात जाऊन कुणाच्या तरी उपयोगी पडावं, ही गोष्ट आमच्या घरात कुणाला वेडेपणाची वाटली नाही, त्याला कारण भैय्या चौकातलं ते घर आहे.

(काळा पडदा. फक्त आवाज.)

त्याआधीचं थोडं सांगायला हवं, कारण ही फिल्म पाहणाऱ्यांत अनेक मुलंमुली असतील ज्यांना असं काम करायचंय.

मी सुरुवातीला पक्ष्यांचा शोध घेतच नव्हते. मला सिंहांसोबत काम करायचं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका ठिकाणाची जाहिरात होती. दोन आठवडे, सिंहाच्या अनाथ बछड्यांना बाटलीनं दूध पाजा, त्यांच्याशेजारी झोपा. पैसे भरायचेच बाकी होते. एका प्राध्यापिकेनं मला एकच विचारलं, "दरवर्षी एवढी बछडी अनाथ होतात कशी?"

मी शोधत गेले आणि उत्तर सापडलं. अनेक ठिकाणी ती अनाथ नसतातच. जन्मल्यावर काही दिवसांत आईपासून काढून घेतलेली असतात. आई लवकर पुन्हा गाभण राहते. बछडी लहान असेपर्यंत आमच्यासारख्यांच्या मांडीवर, मोठी झाली की कुंपणाच्या आत शिकाऱ्यांच्या बंदुकीसमोर, आणि मग हाडांचा व्यापार. असे बंदिस्त वाढवलेले सिंह त्या देशात आठ हजारांहून जास्त आहेत. रानातल्या सिंहांमध्ये त्यांतला एकही मिसळत नाही. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं हा धंदा थांबवण्याचं धोरण जाहीर केलं, पण जाहिराती मला आजही दिसतात.

म्हणून कुणी विचारलं की मी सांगते: बछडं आलं कुठून आणि मोठं झाल्यावर जातं कुठे, हे विचारा. रानात परत सोडलेल्यांचा हिशोब मागा. तिथल्या गावातली माणसं त्या कामावर आहेत का, की नुसते आपल्यासारखे पैसे भरून आलेले पाहुणे, तेही बघा. आणि जिथे रानातलं जनावर मांडीवर घेऊन फोटो काढायला देतात, तिथे पाऊल टाकू नका. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

(हिरवी टेकाडं. उंच गवत. लांब धुरळा उडवत जाणारा रणगाडा.)

हे सॅलिसबरी प्लेन. दक्षिण इंग्लंडमधलं विल्टशर. स्टोनहेंजचे प्राचीन दगड इथेच उभे आहेत. सुमारे ३८ हजार हेक्टर जमीन लष्कराच्या सरावासाठी राखलेली. शंभराहून अधिक वर्षं इथे मोठ्या भागात नांगर फिरला नाही, घरं झाली नाहीत, म्हणून गवत टिकलं. तोफांच्या आवाजात फुलपाखरं आणि चंडोल वाढले.

इथला मोठा माळढोक, म्हणजे ग्रेट बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ. नर अठरा किलोपर्यंत भरतो. विल्टशरच्या झेंड्यावर त्याचं चित्र आहे. पण ब्रिटनमधला शेवटचा पक्षी १८३२ साली मारला गेला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं हा पक्षी फक्त झेंड्यावर आणि काचेच्या कपाटात राहिला.

तो परत आणायचा, म्हणून २००४ मध्ये रशियातल्या सारातोव्हहून पिलं आणायला सुरुवात झाली. शेतात नांगराखाली जाणारी अंडी तिथले लोक उचलून उबवत, त्यांतली ही पिलं. २००९ साली सॅलिसबरी प्लेनवर पुन्हा या पक्ष्याची पिलं मोकळ्या रानात जन्मली. २०१४पासून अंडी स्पेनमधून येऊ लागली.

याच प्रकल्पावर मी होते. माझं काम काय होतं? पहिले दोन आठवडे भांडी घासली. पाण्याची, खाण्याची, पुन्हा पाण्याची. नाकतोड्यांसारख्या किड्यांचे डबे सांभाळले. कुंपणाच्या तारा ओढल्या. आणि घास कापला. हो, आपला लसूणघास! बाबा म्हशींना घालतात तोच. हे पक्षी तो आवडीनं खातात. पहिल्या दिवशी त्या वाफ्यात विळा घेऊन बसले, ओला वास आला, आणि गाव सोडून आल्याचं पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

(एक अंधारी खोली. भिंतीतल्या फटीतून येणारा उजेड.)

पिलांच्या खोलीत बोलायचं नाही. खोकला आला तर बाहेर जायचं. आत जाताना अंगावर सैल झगा, डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत झाकणारा. त्यात माणसाचा आकार राहत नाही. आणि हातात बाहुली: करड्या कापडाची मान, टोकाला चोच, चोचीत चिमटा.

कोंबडीचं पिलू जन्मल्यापासून स्वतः टिपतं. यांचं तसं नाही. सुरुवातीचे दिवस आई चोचीनं किडा धरते आणि पिलू तिच्या चोचीतून घेतं. म्हणून कुणीतरी चोच व्हावं लागतं. पण अंडं फुटल्यावर जो भरवतो तोच आपला, असा ठसा पिलाच्या मनावर कायमचा बसतो. तो ठसा माणसाचा बसला तर सगळं संपलं. असा पक्षी मोठा होऊन माणसामागे येईल. कुत्र्याजवळ जाईल. आपल्या जातीचा जोडीदार शोधणार नाही.

बाहुली माझ्या हातात आली ती सहा आठवड्यांत मोजून चार वेळा. अनुभवी माणसंच ते काम करत. पहिल्या वेळी पिलू चार दिवसांचं होतं, मुठीत मावेल एवढं. मी चिमट्यात किडा धरला, चोच खाली नेली आणि श्वास रोखून थांबले. पिलानं बाहुलीकडे पाहिलं. मग किडा घेतला आणि बाहुलीच्या मानेला अंग टेकलं.

माझा हात त्या कापडाच्या आत होता. त्याची ऊब मला लागत होती. त्याला उचलून घ्यावं, नाव ठेवावं, काहीतरी बोलावं असं आतून उसळून आलं. तसं काही करायचं नव्हतं. माझ्या लाडाची किंमत त्याला भरावी लागली असती.

सहाव्या आठवड्यात मोठी पिलं उघड्या माळावरच्या कुंपणात गेली होती. एका सकाळी झगा न घालता मी दूरच्या वाटेनं चालले होते. एका पिलानं मान वर केली, मला पाहिलं, दचकलं आणि धावत गवतात शिरलं. सोबतच्या बाईंनी हलकेच माझा हात दाबला. त्या वीस वर्षं पक्ष्यांत होत्या. म्हणाल्या, "हे तुझं प्रमाणपत्र."

सगळं गोड नव्हतं. सोडलेल्या पिलांपैकी बरीच पहिला हिवाळा काढत नाहीत. कोल्हा नेतो. काही विजेच्या तारांना धडकतात. या कुळातल्या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं कमी दिसतं, आणि जड शरीर ऐनवेळी वळत नाही. राजस्थानात आपले माळढोक याच कारणानं मरतात.

(नान्नज. उसाचा ट्रॅक्टर. कालव्याचं पाणी. माळाच्या कडेला लावलेली झाडं.)

परत आले तेव्हा आमचा माळ मला वेगळा दिसू लागला. तिकडे लष्करामुळे गवत राहिलं. इकडे सातबाऱ्यावर तो पडीक होता. पडीक म्हटलं की त्याचं काहीतरी करायलाच हवं असं वाटतं. १९८० साली उजनी धरण झालं, पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली. शेतकऱ्याला मी नावं ठेवणार नाही, माझी फी त्याच द्राक्षांनी भरली. पण चांगल्या गवताळ माळावर हिरवाई म्हणून झाडं लावली गेली, आणि झाडांत माळढोक राहत नाही. त्याला चहूकडे लांबवर दिसावं लागतं.

शिवाय अभयारण्य आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडले. लोक पक्ष्यावर चिडले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोपर्यंत पक्षी जवळजवळ गेला होता, आणि राग मात्र राहिला होता. माझ्या चुलत्यांच्या तोंडी आजही माळढोक म्हणजे अडवणूक.

(जैसलमेरजवळचं प्रजनन केंद्र. उबवणयंत्रातलं अंडं.)

राजस्थानात २०१९पासून रानातली अंडी उचलून उबवण्याचं काम सुरू झालं. सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत आज चाळीसहून जास्त माळढोक आहेत. तिथली माणसं अबूधाबीला जाऊन हुबारा या दुसऱ्या माळपक्ष्याच्या केंद्रात शिकून आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिलू जन्मलं. ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. कधीतरी त्या पिलांची पिलं सोडायला गवत लागेल.

बाबांनी आमचा वरचा दोन एकर तुकडा यंदा नांगरला नाही. पवन्या गवत पोटरीपर्यंत आलंय. चंडोलानं घरटं केलंय. एवढंच झालंय अजून.

(मार्डीजवळचं घर. ओसरी. बाजेवर आजोबा. अंगावर सोलापुरी चादर.)

आज आमचा इथला शेवटचा दिवस. माळावर काही मिळालं नाही म्हणून रेकॉर्डर घेऊन घरी आलो. आजोबांना विचारलं, माळढोक कसा ओरडायचा?

"वरडायचा न्हाई गं. घुमायचा. पाऊस पडून गेला की. आमी शेरडं घिऊन असायचो वड्याच्या काठाला, तितवर यायचा आवाज."

मग ते थांबले. छाती भरून घेतली, हनुवटी खाली ओढली, डोळे मिटले.

(आजोबांचा चेहरा. आवाज: हूऽऽम. थोडी शांतता. पुन्हा: हूऽऽम.)

या फिल्मसाठी आम्हाला मिळालेला माळढोकाचा आवाज एवढाच.