दारातच नंबर धुऊन घ्या

(कोल्हापुरात संगणक-दूरध्वनी क्षेत्रातल्या मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फलकावर 'व्हॉइप सर्व्हरवर एसआयपी मेसेज आणि यूआरआय यांची हाताळणी' असं वाचून दोघं-तिघं दारातूनच माघारी गेली, ते मी बघितलं. त्यांच्यावर राग नाही. व्हॉइप म्हणजे संगणकाच्या जाळ्यावरून चालणारा फोन, एसआयपी म्हणजे तो कॉल जुळवायची ठरलेली भाषा, आणि यूआरआय म्हणजे त्या भाषेतला पत्ता. तुम्ही येऊन बसलाय, तर माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. कारण मला विषय सोडून बोलायची खोड आहे आणि पहिल्या रांगेत संयोजक घड्याळ काढून बसलेत. म्हणणं एवढंच, की सर्व्हरमध्ये येणारा प्रत्येक नंबर दारातच धुऊन घ्यायचा, आत सगळीकडे तो एकाच रूपात फिरवायचा, आणि बाहेर जाताना ज्या ट्रंकला, म्हणजे फोन कंपनीकडं जाणाऱ्या वाटेला, जसा लागतो तसा करून द्यायचा. गावाकडं शेतातनं आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, तसं.

एवढं साधं आहे तर व्याख्यान कशाला? कोणी करत नाही म्हणून. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कुठल्याही कारखान्यात जावा. डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कुठला नंबर कुठं लावायचा ते सांगणाऱ्या नियमांत, नंबराची कापाकापी जागोजागी केलेली असते. एकानं शून्य लावलेलं, पुढं दुसऱ्यानं ते काढलेलं, तिसऱ्यानं घाबरून परत लावलेलं. त्यात १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावायचं ठरलं, आणि ट्रंक कुठली, तिला शून्य हवं की नको, हे न विचारता ज्याला जिथं सुचलं तिथं त्यानं शून्य चिकटवलं. मग एकच गिऱ्हाईक रिपोर्टात चार रूपांत दिसतं: नुसते दहा आकडे, पुढं शून्य, पुढं ९१, पुढं अधिक ९१. मालक विचारतो, "हे चौघं कोण?" चौघं नाहीत हो, एकटाच बिचारा चार वेळा फोन करून दमलाय.

बरं, हे शोधायला अवघड आहे का? अजिबात नाही. एसआयपी १९९९ साली आरएफसी २५४३ नावाच्या नियमांच्या कागदात आलं, २००२ साली आरएफसी ३२६१ नं त्याची जागा घेतली. हेनिंग शुल्झरिन, जोनाथन रोझेनबर्ग वगैरे मंडळींनी ते वेब आणि ईमेलच्या धर्तीवर बेतलं आणि एक उपकार करून ठेवला. मेसेज साध्या मजकुरात ठेवला. उघडला की वाचता येतो. पहिल्या ओळीत इन्व्हाइट, म्हणजे 'कॉल घ्या' अशी विनंती, मग ज्याला गाठायचं त्याचा यूआरआय, मग आवृत्ती २.०. खाली व्हाया, फ्रॉम, टू, कॉल-आयडी, काँटॅक्ट हे हेडर, म्हणजे माहितीच्या ओळी. पण वाचतो कोण? फोन लागला नाही की आपला पहिला उपाय राउटर बंद करून चालू करणे आणि दुसरा उपाय प्रोव्हायडरला शिव्या देणे.

यावरून एक किस्सा. काहींनी ऐकला असेल, पुन्हा ऐका.

मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान. हंगाम ऐन भरात, गुजरातच्या व्यापाऱ्यांशी दिवसभर फोन चाललेले. आधीच्या एका माणसानं तिथं व्हॉइप सर्व्हर बसवलेला, प्रत्येक टेबलावर फोन, आणि संगणकावर सॉफ्टफोन. नावावर टिचकी मारली की कॉल लागतो, असला. सगळ्यांचे कॉल लागायचे, फक्त दिवाणजींचे लागत नव्हते. त्यातही गंमत बघा: दिवाणजींनी टेबलावरच्या फोनवर बोटानं नंबर दाबला की लागायचा. तोच नंबर संगणकातल्या यादीतून लावला की 'नंबर अस्तित्वात नाही'. आणि दिवाणजी म्हणजे चाळीसेक हंगाम बघितलेला माणूस. ते म्हणाले, "अस्तित्वात नाही काय? काल रात्रीच ह्या माणसानं मला फोन करून भाव विचारलाय."

मग नेहमीची मिरवणूक निघाली. प्रोव्हायडरवाला म्हणाला, आमच्याकडं कॉल येतच नाही. हे खरं होतं, म्हणूनच सगळ्यांना जास्त राग आला. राउटर विकणाऱ्यानं राउटर बदलायला सांगितला; तो दुसरं काय सांगणार? संगणकवाल्यानं सॉफ्टफोन काढून परत टाकला, आणि यादी मात्र जपून जशीच्या तशी परत भरली. म्हणजे रोग तेवढा सांभाळून ठेवला. दरम्यान मालकांचं मत झालं होतं, की दिवाणजींना संगणक जमत नाही. ते मत दिवाणजींना कळलं होतं. त्यामुळं मी गेलो तेव्हा पेढीवर वातावरण असं होतं, की चहासुद्धा दोघांचा वेगवेगळा आला.

मी सर्व्हरवर एसएनग्रेप लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे एक फुकटचं साधन आहे, काळ्या पडद्यावर एसआयपीची ये-जा बाणांनी दाखवतं. दिवाणजींना म्हटलं, मारा टिचकी. इन्व्हाइट आला, आणि आपल्याच सर्व्हरनं त्याला ४०४, म्हणजे 'असा नंबर नाही' हे उत्तर, देऊन दारातून परत पाठवला. प्रोव्हायडरपर्यंत गेलाच नव्हता. इथं थांबून एक सांगतो, ४०४ दिसला की तो कोणी दिला ते आधी बघा. बाणाचं टोक बघायला काही सेकंद लागतात, आणि इथं सगळे राउटर बदलायला निघाले होते.

आता तो इन्व्हाइट उघडला. यूआरआयमध्ये नंबराच्या जागी काय होतं? टक्का ई शून्य, टक्का ए पाच, टक्का ए सहा. परत टक्का ई शून्य, टक्का ए पाच, टक्का ए एफ. परत टक्का ई शून्य... अशी लांबच्या लांब माळ. मालक मागून बघत होते, म्हणाले, "व्हायरस आलाय." व्हायरस कसला! दिवाणजींनी अख्खी यादी मराठीत टाइप केली होती. नावं मराठीत आणि नंबरसुद्धा मराठी आकड्यांत. युनिकोडमध्ये मराठी आकडा यूटीएफ-८ या पद्धतीनं लिहिला की तीन बाइट होतात, आणि यूआरआयमध्ये असल्या प्रत्येक बाइटला टक्का लावून दोन अक्षरं लिहावी लागतात. म्हणजे एका आकड्याला नऊ अक्षरं. अकरा आकड्यांचा नंबर नव्व्याण्णव अक्षरांचा झाला. सॉफ्टफोननं काही चूक केली नव्हती, नियमाप्रमाणं लिहून पाठवलं. पण आपल्या डायलप्लॅनमध्ये 'कुठलाही आकडा' यासाठी लिहितात तो एक्स म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. त्याला मराठी नऊ हा नऊ वाटतच नाही.

दिवाणजींना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी मराठीत लिहिला म्हणून काय झालं? आकडा तोच की!"

मी दिवाणजींच्या बाजूचा आहे, हे इथं जाहीर सांगतो. मालकांचा सल्ला होता, की यादी इंग्रजीत करून घ्या. शेकडो नावं! कशासाठी? देवनागरीचे दहा आकडे युनिकोडमध्ये ओळीनं बसलेत. तिसऱ्या बाइटचं शेवटचं अक्षर ६ पासून एफपर्यंत जातं. बरोबर दहा. सहा वजा केले की इंग्रजी आकडा हातात. सर्व्हरच्या दारात दहा ओळींचा तक्ता घातला, यादीला हात लावला नाही, आणि राजकोटचा कॉल पहिल्या टिचकीला लागला. दिवाणजींनी मालकांकडं बघितलं. तेव्हापासून चहा परत एका किटलीतनं येतो म्हणतात.

जाता जाता: नाव मराठीत पाठवायला प्रमाणात पूर्ण मुभा आहे. फ्रॉममध्ये अवतरण चिन्हात यूटीएफ-८ चालतं. तुमच्या फोनच्या पडद्यावर चौकोन दिसत असतील तर तो फोन स्वस्तातला आहे, मराठीचा दोष नाही. मात्र मेसेज जाड होतो, हे लक्षात ठेवा. दिवाणजींच्या नंबरानं यूआरआयमध्ये ८८ आणि टूमध्ये ८८ बाइट जास्तीचे भरले. वाटेत एका पॅकेटला किती बाइटची मर्यादा आहे ते माहीत नसेल आणि मेसेज १३०० बाइटच्या वर जात असेल, तर यूडीपी ही सुटी पॅकेटं पाठवायची पद्धत सोडून टीसीपीसारख्या, पोच घेणाऱ्या पद्धतीनं पाठवा असं आरएफसी ३२६१ सांगतं. नाहीतर पॅकेटचे तुकडे होतात, आणि स्वस्त राउटर तुकडे गिळतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत म्हणे. आणि फलकावरचा विषय अजून सुरूच व्हायचाय. ठीक आहे, लिहून घ्या, पळत सांगतो.

धुण्याचा क्रम ठरलेला ठेवा. आधी टक्केवाली अक्षरं उलगडा, आणि एकदाच उलगडा. दोनदा उलगडलं तर भलतंच निघतं. हॅशचं चिन्ह यूआरआयमध्ये टक्का २३ होऊनच येतं, फुली मात्र तशीच येते, म्हणून उलगडण्याआधी तुलना करू नका. मग मराठी आकडे इंग्रजी करा. मग मोकळ्या जागा, आडव्या रेघा, कंस काढा. मोबाइलच्या यादीतून चिकटवलेल्या नंबरासोबत डोळ्यांना न दिसणारी दिशाचिन्हंही येतात, ती इथंच जातात. गाळणी, म्हणजे चालणारी अक्षरं ठेवून बाकी टाकणारी, सगळ्यात शेवटी लावा. आधी लावली तर दिवाणजींचा अख्खा नंबर गाळला जाऊन हातात रिकामी ओळ येते. ॲस्टेरिस्क या फुकटच्या फोन-सर्व्हरमध्ये ही गाळणी फिल्टर नावानं मिळते. ती न लावता एक्स-टिंब असा नमुना लिहून आलेला नंबर थेट डायल या आज्ञेला देऊ नका. टिंब म्हणजे काहीही. त्यात अँड चिन्ह घालून कोणी तुमच्याच खर्चानं दुसरा कॉल लावू शकतो. यावर ॲस्टेरिस्कवाल्यांनी २०१० सालीच इशारा दिलाय.

मग एक रूप द्या: अधिक, देशाचा कोड, नंबर. ई.१६४ या फोन नंबरांच्या जागतिक नियमाप्रमाणं पंधरा आकड्यांच्या आत. ६ ते ९ नं सुरू होणारे दहा आकडे असतील तर पुढं अधिक ९१. शून्य आणि दहा आकडे असतील तर शून्य काढून अधिक ९१. बारा आकडे आणि सुरुवात ९१ असेल तर नुसतं अधिक. लांबी मोजल्याशिवाय ९१ कापू नका! ९१ नंच सुरू होणारे मोबाइल नंबर आहेत, त्यांचे आठ आकडे उरतात आणि तक्रार महिन्यातून एकदाच येते, त्यामुळं सापडतही नाही. सात आकडे आले तर फोन कुठल्या शाखेतला ते बघून पुढं अधिक ९१ आणि त्या गावाचा कोड लावा. कोल्हापुरातून आला तर २३१, सांगलीच्या शाखेतून आला तर २३३, इचलकरंजीतून २३०. टेल यूआरआयच्या, म्हणजे नुसत्या फोन नंबराच्या पत्त्याच्या, आरएफसी ३९६६ मध्ये यासाठीच फोन-काँटेक्स्ट नावाचा पॅरामीटर आहे. तो आला तर माना, नाही आला तर शाखेवरून ठरवा. ११२, १०१, १०८ आणि १८०० वाले नंबर या धुण्यातून पूर्ण बाहेर. ११२ च्या पुढं अधिक ९१ लावलेला सर्व्हर मी बघितलाय. नाव सांगत नाही.

आता कुठला यूआरआय बदलायचा. पहिल्या ओळीतला रिक्वेस्ट-यूआरआय म्हणजे आत्ता कुणाला गाठायचं ते. मार्ग त्यावर ठरतो, तो बदला. टू म्हणजे मूळ माणसाला कुणाला लावायचा होता ते. कमाइलिओ किंवा ओपनसिप्ससारख्या, नुसता मेसेज पुढं देणाऱ्या प्रॉक्सीवर त्याला हात लावू नका. ॲस्टेरिस्क मधे बसून दोन वेगळे कॉल करतो, तिथं पुढच्या कॉलला हवं ते टू लिहिता येतं. फ्रॉमवर विश्वास नको, त्यात कोणीही काहीही लिहू शकतो. ओळख पटवून घेतलेल्या एक्स्टेन्शनला, म्हणजे आतल्या फोनला, नंबर तुम्ही द्या, आणि प्रोव्हायडर घेत असेल तर तो पी-असर्टेड-आयडेंटिटी या ओळख सांगणाऱ्या हेडरात घाला. बाहेरून आलेला तो हेडर मात्र विश्वासाच्या ट्रंकवरून आला नसेल तर काढून टाका.

यूआरआयची तुलना करताना डोमेनमध्ये, म्हणजे @ च्या नंतर, इंग्रजी लहान-मोठी लिपी सारखी, पण नावाच्या भागात वेगळी. आणि ५०६० हे एसआयपीचं नेहमीचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दार, लिहिलेला यूआरआय आणि न लिहिलेला यूआरआय नियमानं एक नाहीत, जरी जाणार एकाच ठिकाणी असले तरी. म्हणून यातलंही एकच रूप ठरवून ठेवा.

मॅक्स-फॉरवर्ड्स, म्हणजे मेसेजनं अजून किती टप्पे घ्यायचे तो आकडा, तपासाच. हेड ऑफिसचा सर्व्हर म्हणतो अनोळखी नंबर कारखान्याकडं, कारखान्याचा म्हणतो हेड ऑफिसकडं. ७० पासून मोजत शून्याला येईपर्यंत मेसेज पुण्या-बंगळूरच्या रस्त्यावर येरझाऱ्या घालतो आणि शेवटी ४८३, म्हणजे 'फार टप्पे झाले' हे उत्तर, येतो. ४८३ दिसला की नंबर नका तपासू, मार्गाचा तक्ता तपासा.

५०६० उघडा असेल तर चाचपणी करणारे येणारच. कित्येक तर आपलं नाव फ्रेंडली-स्कॅनर असं लिहून येतात, सभ्य माणसं. त्यांना ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' हे उत्तरसुद्धा देऊ नका. उत्तर मिळालं की इथं कोणीतरी आहे हे त्यांना कळतं. मेसेज गुपचूप टाकून द्या. आणि शून्य-शून्यनं सुरू होणारे परदेशी कॉल ज्यानं मागितले त्यालाच सुरू करा.

शेवटचं, उत्तरं. नंबर अपुरा असेल तर ४८४, नसलेला असेल तर ४०४, परवानगी नसेल तर ४०३, सिप (म्हणजे एसआयपीच) आणि टेल सोडून तुम्हाला न कळणारी स्कीम, म्हणजे पत्त्याचा प्रकार, आली तर ४१६. सगळ्याला सरसकट ५०३ देणारे लोक आहेत. ५०३ आला की समोरचा सर्व्हर समजतो, ही ट्रंक बंद आहे. तो तोच चुकीचा नंबर दुसऱ्या ट्रंकवर लावतो, मग तिसऱ्या. आणि मूळ, न धुतलेला यूआरआय लॉगमध्ये ठेवा, धुतलेल्याच्या शेजारीच. दिवाणजींची माळ लॉगमध्ये पहिल्याच दिवशी दिसली असती.

संयोजक उभे राहिले. प्रश्न चहाला.